बिनजाळाची चूल

राळेगावच्या भांड्यांच्या दुकानात दुकानदाराने इंडक्शनवर पेपराचा कागद अंथरला. कागदावर स्टीलचा गंज ठेवला, गंजात पाणी ओतलं आणि बटण दाबलं. थोड्या वेळाने पाणी उसळ्या मारायला लागलं. मग त्याने गंज उचलून खालचा कागद मथुराबाईच्या हातात दिला. कागद गरम होता, पण जळला नव्हता. त्यावरची कापसाच्या भावाची बातमी स्पष्ट वाचता येत होती.

मथुराबाईने तो कागद घडी करून पिशवीत टाकला.

“बाई, मी चूल विकून राह्यलो, रद्दी नाही,” दुकानदार हसून म्हणाला.

“मले हेच पाह्यजे,” ती म्हणाली. “हेच बांधून द्या.”

शेजारी उभा असलेला रामधन कावला. तो तिचा धाकटा भाऊ, कळंबला टायरचं दुकान चालवणारा. समोरच्या काउंटरवर त्याने घेतलेली गॅसची शेगडी तयार होती. तीन बर्नरची, वर काच, काचेवर निळी फुलं. पुढच्या स्टीलच्या पट्टीवर नावसुद्धा कोरून झालं होतं : चि. सौ. कां. दीपा हिला मामा रामधन यांच्याकडून सप्रेम भेट. आंदणाच्या वस्तू नातेवाईक आपसात वाटून घेतात. कपाट बापाचं, पलंग काकाचा, शेगडी मामाची. आणि वस्तूवर नाव कोरल्याशिवाय देणाऱ्याच्या जिवाला चैन पडत नाही, कारण वस्तू पोरीसाठी असते आणि नाव पाहुण्यांसाठी.

“बाई, तुले झालं तरी काय?” रामधन म्हणाला. “मामानं शेगडी द्याची, हे का आज ठरलं? अशी शेगडी पाहून मारेगावचे सोयरे तोंडात बोट घालतीन. आन् तू हे इस्त्रीसारखं काय धरून बसली?”

“इस्त्री तं इस्त्री. मले जाळ नाही पाह्यजे.”

“जाळ नाही पाह्यजे! मंग सैपाक काय उन्हात ठेवून करीन पोरगी? आपल्या यवतमाळात तेही होईन म्हना, मे महिन्यात.”

दुकानदार हसला, मागे कढई निवडणाऱ्या दोन बायाही हसल्या. मथुराबाई हसली नाही.

“शेगडी वापस करून टाक रामा.”

“नाव कोरलं बाई,” दुकानदारच मध्ये पडला. “आता कोनाले देऊ? दीपा नावाची दुसरी नवरी अन् रामधन नावाचा दुसरा मामा कुठून आनू?”

पुन्हा सगळे हसले. शेगडी खोक्यात गेली, खोकं ऑटोत गेलं. इंडक्शन दुकानातच राहिलं. मथुराबाईच्या पिशवीत फक्त तो न जळलेला कागद आला.

ती भावाला सांगू शकत नव्हती. पोटच्या पोरासारख्या भावाला, ज्याला तिने कडेवर घेऊन वाढवला, त्यालाही नाही. कारण नवऱ्याने, उकंडाने, बाबासाहेबांच्या फोटोसमोर तिच्याकडून वचन घेतलं होतं : गोष्ट घराच्या उंबऱ्याबाहेर जाणार नाही.

गोष्ट अशी की दीपाला झटके येत. मिरगी म्हणा, फीट म्हणा. दहावीत असताना पहिला आला, घरीच आला, म्हणून झाकता आला. दुसरा आला तो गॅसपुढे. मथुराबाई नळावर गेली होती. घरात दीपा वांग्याची भाजी फोडणीला घालत होती. मथुराबाईला आधी वास आला. भाजीचा नाही, दुसराच. पाण्याचा गुंड तिथेच टाकून ती धावली. पोरगी ओट्यावर आडवी झालेली, डोळे वर गेलेले, आणि डावा हात पेटत्या बर्नरवर.

शुद्धीतल्या माणसाला चटका बसला की तो हात ओढून घेतो. झटक्यातला माणूस ओढत नाही. आग विचारत नाही की बाई तू जागी आहेस का. ओढणी त्या दिवशी खुंटीला होती म्हणून पोरगी वाचली. अंगावर असती तर पेपरात चार ओळी आल्या असत्या, आणि त्याही खोट्या.

यवतमाळच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. म्हणाले, गोळी चुकवायची नाही, झोप मोडायची नाही, उपास करायचा नाही. विहिरीवर, नदीवर, विस्तवाजवळ एकटी सोडायची नाही. बाकी शिकवा, नोकरी करू द्या, लग्न करा. पण सांगून करा.

उकंडाने त्यातलं ‘लग्न करा’ एवढंच ऐकलं.

उकंडा राळेगावच्या कापसाच्या जिनिंगात वजनकाट्यावर काम करायचा आणि गावच्या विहार कमिटीचा सचिव होता. बुद्ध जयंतीला अंधश्रद्धेवर त्याचं भाषण व्हायचं. भाषण चांगलं असायचं, लोक टाळ्या वाजवायचे. पण घरात दीपाला झटका आला की हाच माणूस पहिल्यांदा पायातली चप्पल काढून पोरीच्या नाकाशी धरायचा. डॉक्टरने नको सांगितलं, तरी धरायचा. भाषण स्टेजवर आणि चप्पल घरात. दोन्हींची गाठ पडू द्यायची नाही, याला आमच्याकडे सुशिक्षित म्हणतात.

तेव्हापासून गावाला सांगितलं गेलं : तेल उडालं. दीपाचे ब्लाउज, कुर्ते पूर्ण बाहीचे झाले. गोळ्या ‘रक्त वाढायच्या’ झाल्या. गॅसच्या ओट्याशेजारी एक जुनं इंडक्शन आलं आणि दीपा फक्त त्याच्यावर स्वयंपाक करायला लागली. बाया म्हणायच्या, “मथुराबाई, पोरीले लय लाडावून ठेवलं तुम्ही, गॅस बी लावू देत नाही!” मथुराबाई मान हलवायची. खोटं बोलायला फार अक्कल लागत नाही. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी मान हलवायची, बस.

आणि आता मारेगावचं स्थळ. मुलगा धम्मरत्न, वीज कंपनीत कंत्राटावर वायरमन. बाप वारलेला, घरात आई इंदुताई. पसंती झाली होती. येत्या रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा.

मथुराबाईने मनात हिशेब असा बांधला होता : सांगायचं नाही, कारण सांगितलं तर मोडतं. पण पोरीबरोबर बिनजाळाची चूल पाठवायची. ती चूल तिथे राहील, दीपा तिच्यावरच रांधेल, कोणाला कळणारही नाही. खोटंही टिकेल आणि पोरगीही जगेल. माणसाने बोलायचं ते एका वस्तूने बोलून टाकावं, एवढीच तिची मागणी होती. आंदणाच्या वस्तूकडून यापेक्षा जास्त कोणी मागितलं नसेल.

*

घरी आली तर फोन वाजला. इंदुताई. मथुराबाईला कानाला धरून ऐकू कमी यायचं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असायचा. उकंडा खाटेवर बसून ऐकत होता.

“जयभीम इहीनबाई! मी काय म्हनते, रामधनभौचा फोन आलता. तुम्ही म्हने करंटची चूल देतो म्हनून अडून बसल्या?”

“अडून नाही हो. आजकाल सारे घेतात...”

“घेतात, ज्यायच्या घरी लाइट राह्यते ते घेतात! माहा पोरगा दिवसभर लोकायच्या खांबावर चढते अन् माह्याच घरी अंधार. हलवायाच्या लेकराले पेढा नाही, तसं हाये आमचं.” इंदुताई स्वतःच खळखळून हसली. बाई मनाने मोकळी होती, तेच मथुराबाईला जास्त टोचायचं. “आन् माहे सारे गंज जर्मनचे, आल्युमिनियमचे. दुकानदार म्हनते, त्याच्यावर जर्मनचं भांडं तापतच नाही. मंग मी का सासूबाईच्या हातचे गंज भंगारात घालू?”

“स्टीलचे पाठवतो ना आम्ही.”

“कायले? नका बाई. का पोरीले गॅसचा भेव वाटते?”

उकंडाने खाटेवरून बोट ओठावर ठेवलं.

“छे! भेव कायचा?” मथुराबाई म्हणाली.

“मंग झालं! माहं आयुष्य गेलं धुरात, सुनेनं तीन बर्नरवर राज्य करावं. आमच्या घरची एक रीत हाये इहीनबाई, आधीच सांगून ठेवते. नवी सून आपल्या आंदणाच्या शेगडीवर पह्यल्यांदा पुरनपोळ्या करते. साऱ्या भाऊबंदायले. त्या दिवशी आम्ही कोनी बाई सैपाकघरात पाय ठेवत नाही. सारं तिचं तिनं, एकटीनं.”

फोन ठेवल्यावरही तो शब्द घरात राहिला. एकटीनं. डॉक्टर जे नको म्हणाले होते, नेमकं तेच त्या घरात मानाचं होतं.

“ऐकलं?” मथुराबाई म्हणाली.

“ऐकलं. पोळ्याच करायच्या हायेत, युद्धावर नाही जाची.” उकंडा पांघरूण झटकत म्हणाला. “गोळ्या चालू हायेत. किती महिने झाले, काही झालं का?”

“पेरनीच्या टायमाले झालं. तुम्ही चप्पल घेऊन धावले तेव्हा.”

“मथुरा, आवाज.”

“माह्या आवाजाचं राहू द्या. पोरगी जळन!”

“आन् लग्न मोडलं तं? लहानीचं काय? भावाच्या पोरीयचं काय? साऱ्या घराण्यावर शिक्का बसन. लोक म्हनतीन, रक्तातच हाये.”

लहानी म्हणजे दीपाची बहीण वर्षा, यवतमाळला होस्टेलवर. एका पोरीच्या आजाराला दुसऱ्या पोरीचं लग्न ओलीस धरायचं, ही युक्ती कोणी शोधली कोण जाणे, पण प्रत्येक घरात ती तयार असते.

तेवढ्यात लाइट गेली. पंखा फिरत फिरत थांबला. स्वयंपाकघरात दीपा इंडक्शनवर वरण शिजवत होती, ते अर्धकच्चं राहिलं.

“गॅसवर ठेवून टाक वं दीपा,” उकंडा आतल्या दिशेने ओरडला. “भूक लागली.”

लायटर वाजायच्या आत मथुराबाई आत पोचली. पोरीच्या हातातून लायटर हिसकला.  दीपा भिंतीला टेकून खाली बसली आणि आईकडे बघत राहिली. मथुराबाईने गॅस पेटवला, वर गंज ठेवला, डावाने वरण ढवळलं.

“आई,” दीपा म्हणाली, “तिकडं लाइट गेल्यावर?”

मथुराबाईने डाव जोरात फिरवला.

“तिकडं लाइटर कोन हिसकन माह्या हातातून?”

“त्याले काही... धम्मरत्नले काही बोलली तू?”

“नाही. बाबानं शपथ घातली ना.” दीपा बाहीचं टोक ओढून मनगट झाकत होती, सवयीने. “तो रोज फोन करते. कामाचं सांगते. म्हनते, खांबावर चढाच्या आधी लाइन बंद केली का नाही, हे खाली उभ्या असलेल्या मानसाले विचारल्याशिवाय मी तारेले हात लावत नाही. त्याच्या सोबतचा एक पोरगा तसाच गेला. खालचा म्हनला, बंद हाये. बंद नव्हती.”

“मंग?”

“मंग काही नाही. मी ‘हो’, ‘हो’ म्हनत राह्यते. अन् मले वाटते, खाली उभे असलेले आपन हावो. त्याले म्हनून राह्यलो, चढ बाप्पा, बंद हाये.”

वरण उतू गेलं. गॅसच्या जाळावर फेस पडला, जाळ पिवळा झाला आणि फडफडला. मथुराबाईने गॅस बंद केला नाही, नुसती बघत राहिली.

“मले लग्न कराचं हाये आई,” दीपा म्हणाली. “मले तो आवडते. तुले हे बी सांगून ठेवते.”

*

रविवारी विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, समोर बुद्धमूर्ती, बाजूला बाबासाहेबांचा फोटो, दोघांपुढे मेणबत्त्या. मारेगावहून दोन गाड्या भरून पाहुणे आले होते. रामधनला काही राहवलं नाही. शेगडी लग्नात द्यायची असते, पण त्याने आजच खोक्यातून काढून, लाल रिबन बांधून, टेबलावर मांडली होती. पाहुण्यांतल्या बाया वाकून पट्टीवरचं नाव वाचत होत्या. इंदुताई काचेवर बोट फिरवून म्हणाली, “आरशावानी हाये! पोळी लाटता लाटता टिकली बी नीट करता येते.”

दीपा पांढऱ्या साडीत, पूर्ण बाहीच्या ब्लाउजमध्ये. शेजारी धम्मरत्न. उन्हाने काळवंडलेला, खांद्याने रुंद, नव्या सदऱ्यात अवघडलेला. बौद्धाचार्यांनी माइक टिचकी मारून तपासला आणि मथुराबाईपुढे केला.

हे या गावाचं नेहमीचं होतं. मथुराबाईचा आवाज खणखणीत आणि पाली उच्चार स्वच्छ. तिच्या सासूने पाठ करून घेतलेलं, आणि सासूने ते दीक्षेच्या पहिल्या पिढीकडून घेतलेलं. दर रविवारी वंदना मथुराबाई सांगायची आणि सगळा विहार तिच्यामागे म्हणायचा. इतक्या वर्षांत लोकांना सवयच लागली होती : स्वतः आठवायचं नाही, मथुराबाई म्हणेल ते मागून म्हणायचं. आज पोरीचं साक्षगंध, तरी माइक तिच्याकडेच आला. ना तिला काही वेगळं वाटलं, ना कोणाला.

त्रिशरण झालं. पंचशील सुरू झालं.

“पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि.” विहार मागून म्हणाला.

“अदिन्नादाना वेरमणी सिक्खापदं समादियामि.” विहार म्हणाला.

तिसरं शील झालं. मथुराबाईने श्वास घेतला. चौथं शील तिच्या जिभेवर आलं आणि तिथेच बसलं. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन. एवढंच तर आहे ते. गेली कित्येक वर्षं, बाहीखालचा डाग माहीत असताना, गोळ्यांचं खोटं नाव माहीत असताना, दर रविवारी ती ते खणखणीत म्हणत आली होती. जीभ म्हणायची, माणूस नाही. आज समोर पोरीच्या शेजारी तो वायरमन बसला होता, हात जोडून, डोळे मिटून, खालच्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवून.

तिच्या तोंडातून आवाज निघेना.

विहार थांबला. सवय होती ना, ती म्हणाल्याशिवाय म्हणायचं नाही. सगळे हात जोडून तिच्या पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिले. एक लेकरू खोकललं.

“इसरली वाट्टे,” मागून हंसाबाई म्हणाली. ती शेजारीण. “अवं, मुसावादा... मुसावादा म्हन!”

दोन-चार जणी हसल्या. “पोरीच्या साक्षगंधात आईचं चित्त ठिकान्यावर राह्यते का?” इंदुताई मायेने म्हणाली.

बौद्धाचार्य वाकून हळूच म्हणाले, “मुसावादा वेरमणी...”

“पाठ हाये मले,” मथुराबाई माइकवरच म्हणाली. तिचा आवाज बाहेर लावलेल्या भोंग्यातून रस्त्यापर्यंत गेला. “पाठ हाये. पन मी म्हनू शकत नाही.”

“मथुरा!” बाजूच्या रांगेतून उकंडा उठला. “म्हन पुढं.”

मथुराबाईने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती इंदुताईकडे वळली.

“इहीनबाई, दीपाले झटके येतात. मिरगीचे. गोळ्या चालू हायेत, लय कमी झाले, पन येतात. तिच्या हातावर तेल उडालं नाही. ती गॅसवर पडली होती. म्हनून मी करंटची चूल मागत होती. तुम्ही तिले एकटीले त्या तीन बर्नरपुढं उभं करान, तं कधी तरी ती जळून मरन. अन् मंग तुम्ही म्हनान, शेगडीचा भडका झाला. अन् आम्ही मान हलवू. म्हनून आत्ताच सांगते.”

 मेणबत्त्या जळत राहिल्या.

मग सगळं एकदम झालं. उकंडाने माइकची वायर ओढून तोडली. पाहुण्यांतला कोणी तरी म्हणाला, “फसवनूक हाये ही, सरळ फसवनूक!” आणि रामधन गर्दीतून पुढे येऊन बहिणीसमोर उभा राहिला, डोळ्यांत पाणी. “बाई, मले नाही सांगतलं तू? मले?” त्याला शेगडीचं काही नव्हतं. त्याने हे विचारलं त्याचाच मथुराबाईला सगळ्यात जास्त घाव बसला.

इंदुताई उभी राहिली. तिचा तो मोकळा चेहरा बंद झाला होता. पण ती ओरडली नाही.

“सांगाले पाह्यजे होतं,” ती म्हणाली. “आधी. पोरगी पाहाले आलो तेव्हाच. मी का रागावली असती? कदाचित नाही म्हनलं असतं. पन घरी बसून म्हनलं असतं. असं गाड्या भरून लोक आनल्यावर नाही.” मग मुलाकडे न पाहता म्हणाली, “उठ रे.”

धम्मरत्न बसून होता. त्याने दीपाकडे पाहिलं, तिच्या झाकलेल्या हाताकडे पाहिलं. मथुराबाईला त्या क्षणी वाटलं, हा काही तरी बोलेल. पोरं खांबावर चढतात, वाघासारखी कामं करतात, असं आपण म्हणतो. आईने ‘उठ’ म्हटल्यावर किती जण बसून राहतात, ते मोजून पाहावं.

तो उठला.

दीपा जागची हलली नाही. पाहुणे गेल्यावर, भाताचे गंज तसेच भरलेले असताना, ती आईला एवढंच म्हणाली, “सांगाचं होतं, हे बरोबर. पन ते माहं होतं सांगाचं. तू ते बी माह्या हातून हिसकलं, लाइटरसारखं.”

 ते खरं होतं.

*

गाव काय म्हणालं ते सांगायची गरज नाही. गावाला नेहमी दोन बाजू लागतात. एका बाजूने दीपाला वाळीत टाकलं, दुसऱ्या बाजूने मथुराबाईला वेडी ठरवलं. खोटं बोलायचं ठरवणाऱ्या उकंडाला कोणी काही म्हणालं नाही, तो फक्त बिचारा ठरला. वंदना आता दुसरी बाई सांगते. ती तिसऱ्या शीलात अडखळते आणि लोक सांभाळून घेतात.

एक दिवस दुपारी हंसाबाई मागच्या दाराने आली. विहारात ‘मुसावादा म्हन’ म्हणून ओरडणारी तीच. चहा घेतला नाही. ओट्याजवळ उकिडवी बसून म्हणाली, “माह्या नणदेले बी येत होते. विहिरीत पडली. आम्ही सारे म्हनलो, पाय घसरला.” आणि पदर तोंडाला लावून निघून गेली. तिच्यानंतर आणखी एक जण आली, मग आणखी एक. सगळ्या मागच्याच दाराने.

उकंडा बायकोशी बोलत नव्हता. ताट पुढे सरकवलं की जेवायचा, पाणी हवं असलं की लोट्यावर बोट वाजवायचा. महिनाभर हे चाललं. उन्हाळा चढला, लाइट जास्तच जायला लागली.

रामधनची शेगडी मात्र परत गेली नाही. नाव कोरलेलं होतं. ती या घरातच, जुन्या दोन बर्नरच्या जागी बसली. मथुराबाईने रोज तिची काच पुसली आणि रोज तिला मनात शिव्या दिल्या.

त्या दिवशी दीपा इंडक्शनवर भाजी घालत होती आणि लाइट गेली. खाटेवरचा उकंडा खूप दिवसांनी बोलला. बायकोशी नाही, हवेत.

“गॅसवर टाकत का नाही कोनी?”

मथुराबाई उठली. “सरक,” ती दीपाला म्हणाली आणि लायटरकडे हात नेला.

दीपाने लायटर आधीच उचलला होता. तिने बाह्या वर केल्या होत्या, दोन्ही. भाजलेला हात उघडा होता, गुळगुळीत, चकचकीत, आक्रसलेल्या चामडीचा. घरात तो असा उघडा कित्येक वर्षांत कोणी पाहिला नव्हता.

“मी टाकते,” ती म्हणाली. “तू हिसकू नको. तू इथं उभी राय.”

“पन...”

“आई, उभी राय फक्त. डॉक्टर काय म्हनले होते? एकटी नको. गॅस नको, असं नाही म्हनले.”

मथुराबाई तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली. इतक्या जवळ, की पोरगी कलली असती तर अंगावरच आली असती. दीपाने लायटर वाजवला. पहिल्यांदा पेटला नाही. दुसऱ्यांदा बर्नरभोवती निळं कडं उमटलं. मथुराबाईचे दोन्ही हात हवेतच राहिले, पदर कमरेत खोचायचंही तिला सुचलं नाही. दीपाने तो स्वतः ओढून आईच्या कमरेत खोचला आणि कढई वर ठेवली.

ओट्याच्या कडेला दीपाचा फोन पडला होता. त्यावर सकाळी मारेगावहून एक मेसेज आला होता. एवढ्या दिवसांत पहिलाच. दीपाने तो आईला वाचून दाखवला होता, उत्तर मात्र दिलं नव्हतं.

‘लाइट गेल्यावर कसं करता?’

काळजीने विचारलं, की आईशी बोलून, जमतं का बघायला विचारलं, ते त्या शब्दांवरून कळत नव्हतं. मथुराबाईने सकाळपासून तो मेसेज मनातल्या मनात कितीदा उलटसुलट करून पाहिला होता.

“काय लिहिनार त्याले?” तिने विचारलं.

दीपाने मीठ घातलं, भाजी हलवली.

“लिहीन. कोनी तरी जवळ उभं राह्यते, म्हनून.” जाळ बारीक करत ती म्हणाली. “मंग पाहू, तो काय म्हनते.”

आणि समजा तो म्हणाला, मी उभा राहतो. तर तो दिवसभर खांबावर असतो. इंदुताई उभी राहील का? मोकळ्या मनाची आहे, पण बंद झालेला चेहराही मथुराबाईने पाहिला होता. याचं उत्तर कोणत्याही दुकानात मिळत नव्हतं. तिच्या पिशवीत तो न जळलेला कागद अजून तसाच होता.

“जाळ अजून कमी कर,” ती म्हणाली, आणि जागची हलली नाही.